दाराबाहेर दत्ता

शनिवार, उमरगा

सीमावादाच्या मोर्चानं आज हायवेवर कर्नाटकची बस फोडली, ड्रायव्हरला खाली ओढून तुडवलं. तुडवणाऱ्यांत माझा सख्खा भाऊ होता. दत्ता! मी ड्रायव्हरला कसंबसं आमच्या दवाखान्यात घेतलं, आतून कडी लावली. नर्स आहे, दुसरं काय करणार? कपाळातलं रक्त थांबेना. "अक्का, नीरु," म्हणत तो पाणी मागत होता.

बाहेर दत्ता दार बडवत होता. "अक्का, दार उघड! कानडी हाय त्यो!"

"आपली आई बी कानडीच हाय की रे!"

दार बडवणं थांबलं. मग आवाज आला, "पेट्रोल आणा रे."

तो आवाज दत्ताचाच होता ना? दत्ताचाच.

पोलीस वेळेत आले, म्हणून आम्ही दोघं वाचलो. दत्ता पळाला.

आई त्याच्यासाठी जेवायची थांबलीय.