लाल शाई, निळी शाई

मंगरूळपीर

वैजू,

तुझ्या दादाने तुझा फोन काढून घेतल्यावर तुझी एकच चिठ्ठी आली. महिनाभर मी तिचे तुकडे पाडत बसलो. ‘लग्न ठरलं, इंझोरीले येऊ नको’ हे दादाने लिहवून घेतलं असेल म्हणून लाल शाईने अधोरेखित केलं. ‘कॉलेज सोडू नको, जेवत जाय’ हे तुझं, म्हणून निळ्या शाईने. बायबल कॉलेजात हेच शिकलो होतो, कोणता भाग कोणाच्या हातचा ते ओळखायला. लाल ओळी गाळल्या की तू माझीच राहत होतीस.

तिथल्या सरांना चिठ्ठी दाखवली. ते म्हणाले, "अनुग्रह, बायबलातल्या ईयोबाच्या पुस्तकाचा शेवट मागून जोडला म्हणतात. पण ख्रिस्ती मंडळीनं पुस्तक जपलं ते शेवटासकट. तसंच अख्खं वाच न बाबू."

"तुमचं कोणी गेलं नाही न, सर," म्हणून मी भडकलो आणि त्याच दिवशी बॅग भरून, कॉलेज सोडून घरी आलो. तू नको म्हणालीस तेच केलं.

आज तुझं लग्न. दादाशी भांडायला सकाळी इंझोरीच्या बसमध्ये बसलो. चिठ्ठी काढली आणि पहिल्यांदाच शाई न पाहता वरून खाली वाचली. दादाने सांगितलंही असेल. पण अक्षर तुझं, खाली नाव तुझं. ‘येऊ नको’ला लागूनच ‘जेवत जाय’ आहे. दोन्ही तूच म्हणतेस.

बस सुटायच्या आत उतरलो. स्टँडसमोर पोटभर जेवलो.

हे पत्र टाकत नाही. येऊ नको म्हटलंस, त्यात पत्रही आलं.

तुझं उशिरा ऐकणारा,
अनुग्रह