ओल गेली असे समजावे

ती. अनिरुद्धराव यांना औंढ्याहून राधाकृष्णाचा नमस्कार. तुमचा गुडघा आता जिना चढू देतो असं कळलं, बरं वाटलं. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन सुधाच उचलते आणि तिच्यासमोर मला इतकं सलग बोलता येत नाही, म्हणून पत्र. घरातल्या ओलीने खोकला थांबेना, तेव्हा 'भिंत वाळेपर्यंत मी परभणीलाच बरी' म्हणून सुधा माहेरी, तुमच्याकडे आली. तर कळवण्यास आनंद होतो, की घर आता कोरडं ठणठणीत आहे. तिला निर्धास्त पाठवून द्यावे.

झालं असं, की न्हाणीघराच्या भिंतीला पोपडे आले होते. निघताना सुधा म्हणाली, "आधी पाणी कुठून येऊन राहिलं ते बघा." तिला प्रत्येक गोष्टीच्या मुळाशी जायची खोड, तुम्ही जाणताच. मी सरळ ऑइलपेंट मारला (मोरपंखी, दुकानात तोच शिल्लक होता). त्याला पापडासारखे फुगे आले, म्हणून पुढे तिचं माहेरचं कपाट सरकवलं. भिंत दिसायची बंद झाली. पुढे एकदा कपाट उघडलं तर आतून थेट मोरपंखी रंग दिसला. मागची फळी वाळवीने साफ केली होती. पंपावरून डिझेल आणून ओतलं, तशी वाळवी कपाट सोडून दाराच्या चौकटीत गेली. म्हणजे कपाटापुरतं आपण जिंकलोच. साड्या सुखरूप आहेत, वास तेवढा डिझेलचा येतो.

मग कोपऱ्यात मातीचा ढिगारा वर आला. मी पहार उचलली आणि नेमक्या शेजारच्या जनकाबाई विरजण मागायला आल्या. "काहून फोडता भाऊ? नागनाथाच्या गावात राहून वारूळ फोडता व्हय?" म्हटलं, बाई, हे वाळवीचं आहे. "वाळवीच बांधती, अन् नाग राहतो. आत न्हाई म्हणून तुमाला कोन सांगितलं?" मी पहार परत भिंतीला टेकवली (याचं उत्तर तुमच्यापाशी असल्यास कळवावे). आता गल्लीतल्या बायका येऊन हळदकुंकू वाहतात, वाटी वाटी दूध ओततात. त्याने कोपरा जरा ओला राहतो, पण ती ओल धार्मिक आहे, भिंतीच्या हिशेबात धरू नये.

एकूण सर्व आटोक्यात आहे. वहिनींना नमस्कार.

आपला,
राधाकृष्ण

ता. क. पत्राचा कोपरा खाल्लेला दिसेल. टेबलावर जरा जास्त वेळ राहिलं. तेव्हा सुधाला वाचून दाखवा, हातात देऊ नका.

ता. क. दुसरा. वाचूनही दाखवू नका. ती लगेच बॅग भरेल, आणि इथे आली की पुन्हा तिला श्वास पुरणार नाही. मागच्या खेपेला मी फार घाबरलो होतो, तिला बोललो नाही. पाणी कुठून येतं ते बघायला माणूस लावला आहे; एवढं मात्र तिला सांगा. सोमवारच्या एसटीने मीच येतो. हार मानली असा अर्थ काढू नये, वाळवीला थोडं गाफील ठेवायचं आहे. माझी बाज तिच्याच खोलीत टाका. तिचा खोकला नसला की इथे फार शांत होतं, आणि मग वाळवीचं खाणं ऐकू येतं.