हुद्दा : मिलवाले

२ मार्च

चि. धाकट्यास,

आशीर्वाद आहेत, पण आधी मला सांग, हे काय छापायला निघाला आहेस तू? पत्रिका मिळाली, पुस्तिकेत बाबांवर जे येणार आहे ते पानही मिळालं. दोनदा वाचलं. मला वाचायला वेळ लागतो हे तुला ठाऊक आहे, दोनदा म्हणजे अख्खी सकाळ गेली आणि भांडी तशीच पडली. फोनच करणार होते. पण फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस आणि माझं बोलणं अर्ध्यात तुटतं. कागद तसा तोडता येत नाही, म्हणून लिहिते.

रबर उद्योगाच्या पहिल्या पिढीचा गौरव, नऊ जणांचा सत्कार, त्यात आपले बाबा. छाती भरून आली, खोटं कशाला बोलू. पान तसंच पदराखाली धरून कारखान्यात नेलं. कातरकामाच्या टेबलावर आम्ही सहा बायका, नळाच्या वायसरच्या कडेचं जास्तीचं रबर कातरतो. सगळ्यांना दाखवलं. त्यातली एक वाचायला पक्की आहे. तिने वाचलं आणि मला विचारलं की तुझे वडील एवढे मोठे साहेब होते, मग तू चौथी सोडल्यापासून इथे कात्री घेऊन काय करतेस. मी पानाची घडी घातली आणि कात्री उचलली. मी बोलायचं सोडून कात्री उचललीय असं कधी झालंय का, आठवून बघ.

ज्येष्ठ रबर तंत्रज्ञ. प्रयोगशाळेत अखंड संशोधन. व्यवस्थापनाला मोलाचं मार्गदर्शन. कुठली प्रयोगशाळा रे? बाबा पस्तीस वर्षं मिलवर उभे होते. दोन लोखंडी रोलर एकमेकांकडे फिरतात, त्यांच्यामध्ये कच्चं रबर सोडायचं, मऊ पडलं की त्यात काजळी नि गंधक टाकायचा, सुरीने कापायचं, घडी घालायची, पुन्हा आत. आठ तास. घरी आले की कानातून काजळी निघायची. तू लहान असताना त्यांच्या उशीवर डोकं ठेवायचा नाहीस, वास येतो म्हणून. आता तो वास जावा म्हणून तू अख्खा माणूसच धुऊन टाकलास.

बाबांना संध्याकाळी वाचून दाखवलं. गंमत करावी म्हणून नाव आधी सांगितलं नाही. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, आणि मग विचारलं की हे गृहस्थ कोण, आपल्याच कारखान्यात होते का, मला कसे आठवत नाहीत. मी म्हटलं बाबा, हे तुम्हीच. ते बरं म्हणाले. एवढंच. चहा तसाच ठेवून आत गेले.

पुस्तिका वीस तारखेला छापायला जाणार असं तूच लिहिलं आहेस. तोवर हे बदल. तुझे भावोजी म्हणतात जरा सबुरीने लिही. ही सबुरीच आहे.

लोभ आहे, सध्या रागाच्या खाली दबलाय.

तुझी ताई


६ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट फोडलं आणि तुझा आवाज एवढा मोठ्याने आला की शेजारच्या टेबलावरच्या टंकलेखक बाईंनी वर बघितलं. तब्येत उत्तम आहे हे अक्षरावरून कळलं. इकडे सगळे ठीक. तुझी भाची दोन मार्कांनी वर्गात दुसरी आली म्हणून काल जेवली नाही. हा हट्ट तिने कुणाकडून घेतला ते मी लिहीत नाही.

आता मुद्द्याचं. ताई, आमच्या रबर कारखानदार संघाचा एक ठरलेला फॉर्म असतो. त्यात तीन रकाने : संस्थापक, तंत्रज्ञ, निर्यातदार. चौथा रकाना नाही. बाकीच्या आठ जणांत पाच कारखानदार आहेत, दोघे परदेशी शिकून आलेले, आणि एकांनी तर स्वतःच्या नावाचं महाविद्यालय काढलं आहे. त्यांच्या पंगतीत मिलवर काम करणारे असं लिहिलं असतं, तर समितीने कागद बाजूला सारला असता आणि बाबा त्या मंचावर कधीच दिसले नसते. बाबांना तिथे बसवायचं हाच माझा हेतू होता. चिटणीस म्हणून गेली सहा वर्षं मी दुसऱ्यांच्या वडिलांना हार घालतो आहे. एकदा आपल्यांना घालावा असं वाटलं, तर त्यात काय चुकलं? मी खोटं लिहिलेलं नाही. थोडी इस्त्री फिरवली, इतकंच.

बाबांची मापं कळव, कोट शिवायला टाकतो. राखाडी बरा दिसेल. एकोणतीस तारखेला सकाळी मी स्वतः गाडी घेऊन येईन.

बाबांना नमस्कार, भावोजींना माझी सहानुभूती. तुझी माया आहे तशी राहू दे, आवाज थोडा कमी कर.

तुझा धाकटा


९ मार्च

चि. धाकट्यास, आशीर्वाद.

रबराला इस्त्री केली की काय होतं, माहीत आहे ना? चिकटतं, आणि घरभर घाण सुटते.

रकाना नाही म्हणतोस. तुझ्याकडे पट्टी आहे, पेन आहे, ओढ की एक चौथा. बाबांकडे तेवढंही नव्हतं. तुला ती गोष्ट नीट ठाऊक नाही असं दिसतंय. तू जन्मलास तोवर ती जुनी झाली होती, आणि मग तू वसतिगृहात गेलास. म्हणून काल बाबांना पुन्हा सांगायला लावली, नि मी शेजारी बसून लिहून घेतली.

तेव्हा वायसरना फोड यायचे. दहातले चार कचऱ्यात. बाहेरून शिकून आलेले साहेब आले, त्यांनी गंधक कमी केला, वाढवला, साचे बदलले, आणि निघून गेले. मालक कुलूप लावायच्या बेताला आले होते. नियम असा होता की मिलवरून मळलेल्या रबराचा घाणा उतरला की गरम आहे तोवर साच्यात दाबायला प्रेसवर जायचा. राहिला तर शिळा, कचऱ्यात. एका शनिवारी दुपारी बाबांनी घाणा उतरवला आणि तेवढ्यात शेजारीण धावत आली, की आईला कळा सुरू झाल्या. बाबांनी रबराच्या लाद्या फळीवर टाकल्या, त्यावर खडूने लिहिलं, हात लावू नये, आणि पळाले. मी झाले. रविवारी सुट्टी. सोमवारी गेले तर प्रेसवाले काका त्या लाद्या फेकायलाच निघालेले. बाबांनी पाया पडायचंच बाकी ठेवलं, की टाकायचंच आहे तर दाबून टाकू. दाबलं. एकाही वायसरला फोड नाही.

सगळे म्हणाले मुलीचा पायगुण. बाबा म्हणाले की पायगुण असेल तर एकदाच होईल, बघू या. मग त्यांनी चौदा घाणे करून पाहिले. प्रत्येकाचे दोन भाग, अर्धा लगेच प्रेसवर, अर्धा एक दिवस फळीवर निजवायचा. किती फोड याला, किती त्याला, सगळं कोठीच्या दारावर खडूने मांडलं, कारण कागद काजळीने मिनिटात काळा व्हायचा. चौदाव्याला मालक दारासमोर उभे राहिले, वरपासून खालपर्यंत वाचलं, आणि कुलूप खिशात टाकून गेले.

शेजारच्या कारखान्यांतले लोक विचारायला यायचे. बाबा सांगून टाकायचे. मालक चिडले की आपलं गुपित कशाला वाटतोस. बाबांनी उत्तर दिलं की साहेब, नळ गळला की कुणाच्याही घरात पाणीच होतं. आजही आमच्याकडे घाणा एक दिवस निजतो. शिकलेली पोरं त्यावर विश्रांती काळ अशी चिठ्ठी लावतात, कुणी ठरवला ते त्यांना माहीत नाही. मला माहीत आहे. त्यांच्या समोर बसून कातरते आणि मनात हसते.

हे सगळं एका मिलवाल्याने केलं, म्हणून ते मोठं आहे. साहेबाने केलं असतं तर त्याचं ते कामच होतं, त्यात सत्कार कसला? तू नेमकं तेच काढून टाकलंस. आणि धाकट्या, मी तुला कडेवर वागवलंय, मला तुझा चेहरा कागदातून दिसतो. रकान्याचं निमित्त आहे. खरं कारण लिही.

मापं पाठवत नाही. बाबा कोट घालणार नाहीत म्हणतात, रोलरजवळ सैल कपडा नको. मी म्हटलं तिथे रोलर नाही. ते म्हणाले सवय.

तुझ्यावर जीव आहे म्हणून एवढं लिहिलं, हात दुखला.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,

शि. सा. न.

खरं कारण लिहितो. घरातली निजानीज होईपर्यंत थांबायचं कशाला, दिवसाढवळ्या कचेरीत बसून लिहितो आहे, म्हणजे अर्धवट सोडता येणार नाही.

पंचवीस वर्षांचा होतो. संघात नोकरीची मुलाखत. समोर चार कारखानदार. त्यांनी विचारलं की वडील काय करतात. मी म्हणालो, रबर तंत्रज्ञ आहेत. एवढे दोनच शब्द, ताई. त्यातल्या एकाने मान हलवली, म्हणाला, अरे वा, म्हणजे आपल्यातलेच. नोकरी लागली. मग ते दोन शब्द माझ्या मागे राहिले. लग्नात तेच, बढतीत तेच. बायकोला खरं माहीत आहे. कचेरीत कुणालाही नाही. आज त्या चौघांतला एक आमचा अध्यक्ष आहे. पुस्तिकेत मिलवाले छापलं, तर चोवीस वर्षं मी काय सांगत होतो ते सगळ्यांना कळेल.

मला बाबांची लाज नाही वाटत. माझी वाटते. दाराची गोष्ट मी दोनदा वाचली, आणि दुसऱ्यांदा चष्मा काढावा लागला.

एक मार्ग सुचतो. हुद्दा लिहायचाच नाही. नाव, आणि खाली ती दाराची हकिकत थोडक्यात. कुणी काही विचारणार नाही. बाबांना हे चालेल का ते विचारशील? रागव, पण उत्तर टाळू नकोस.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही कोण जाणे, पण तिच्याविना चालत नाही.

तुझा धाकटा


१४ मार्च

चि. धाकट्यास, पोटभर आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि आधी चांगलीच तडकले. भावोजींनी पाणी आणून दिलं. मग बाबांना वाचून दाखवलं, एक शब्द न गाळता. तुला वाटेल गाळायला हवं होतं. मला गाळता येत नाही, मी तुझ्यासारखी शिकलेली नाही.

बाबा चिडले नाहीत. मला म्हणाले की त्याला बोलू नकोस, पंचवीस म्हणजे पोरच, समोर चार जण बसलेले, घाबरलं असेल. मग जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगितलं. निजवायची पद्धत त्यांनीच सुरू केली, त्यानंतर दोन वर्षांनी एकदा मोठी मागणी घाईची होती. बाबांनी घाणा तसाच गरम प्रेसवर दिला आणि मालकांना सांगितलं की निजवलाय. अख्खा माल फोडांनी भरला. कुणाला संशय आला नव्हता, सगळ्यांनी कच्च्या रबराला दोष दिला. बाबा तीन दिवस गप्प राहिले. चौथ्या दिवशी फोड आलेला वायसर हातात धरून आपण होऊन मालकांसमोर गेले आणि खरं सांगितलं. मी विचारलं की मालक काय म्हणाले. बाबा म्हणाले, शिव्या दिल्या, मग बस म्हणाले. त्याआधी त्या खोलीत त्यांना कुणी कधी बस म्हटलं नव्हतं.

तुझा मार्ग त्यांना सांगितला. नको म्हणाले. नावाखाली कोरं ठेवलं तर लोकांना वाटेल की हा काही करतच नव्हता. त्यांना मिलवाले हाच शब्द हवा आहे. तो नसेल तर ते येणार नाहीत, आणि रागाने नव्हे, आपलं तिथे काम नाही म्हणून. हे त्यांनी इतकं साधेपणाने सांगितलं की मला भांडायला जागाच उरली नाही.

म्हणून मीच लिहून काढलंय. दोन दिवस लागले, पाच कागद फाडले. व्याकरण तू बघ, शब्दांना हात लावायचा नाही.

वय ऐंशी. शिक्षण तिसरी. रबर मिलवर पस्तीस वर्षं. घाणा एक दिवस निजवून मग प्रेसवर द्यायचा, हे आपल्या भागात यांनी पहिल्यांदा करून पाहिलं, चौदा वेळा तपासलं, आणि विचारायला आला त्याला सांगितलं. सव्वीस जणांना मिल शिकवली. त्या सव्वीस जणांची सगळी बोटं शाबूत आहेत. हुद्दा : मिलवाले.

हे तुझ्या अध्यक्षांना तूच नेऊन दे, शिपायाच्या हाती नको, आणि देताना तुझे ते दोन शब्दही सांगून टाक. शिव्या देतील. देऊ देत. आणि एकोणतीस तारखेला मंचावरून हे भाड्याच्या निवेदकाने वाचायचं नाही, तू वाचायचं, माझे वडील म्हणून. त्या दिवशी मी कातरकामाच्या पाचही जणींना घेऊन येतेय, पहिल्या रांगेत सहा खुर्च्या ठेव. भाचीला आण. दुसरी आली तरी आण.

भीती वाटली तर वाटू दे, मी समोरच बसलेली असेन. तुला पहिल्या दिवशी शाळेच्या फाटकात सोडलं होतं, तेव्हा मी पण शाळेत होते, चौथीत.

माया कुठे जात नाही. घेऊन टाक.

तुझी ताई

ता. क. पुस्तिका शुक्रवारी छापायला जातेय, बाबांनी बुधवारपर्यंत थांबतो म्हटलंय. अध्यक्षांना सांगितलंस की नाही, हो किंवा नाही, कार्डावर एक शब्द पुरे. बुधवार, अठरा तारीख, दुपारच्या टपालाने. गुरुवारी आलेलं मी उघडणार नाही.