भोक नसलेलं बटण

दि. ३

ती. आक्कांना सा. न. वि. वि. एवढंच, की हे पत्र वाचून हातासरशी उत्तर लिहा.

सुई तीनदा मारली तरी भोक सापडेना. मी बटणं न बघता लावते हे तुम्ही पाहिलंय. डब्यात हात घालायचा, चार बटणं उचलायची आणि लावत सुटायचं. वाद्यवृंदाचे चोवीस शर्ट संध्याकाळपर्यंत द्यायचे होते. चौथ्यांदा सुई मारली तेव्हा बटण बोटाखाली फुटलं. पांढरी पूड शर्टावर सांडली. ते बटण नव्हतं. गोळी होती.

डबा जमिनीवर उपडा केला. बटणं एकीकडे, गोळ्या एकीकडे. शर्टाच्या बटणाएवढ्या एकोणसाठ, साठावी मी फोडली. कॉलरच्या बटणाएवढ्या साठ. मोठ्या भीतीच्या, लहान रक्तदाबाच्या. रोज सकाळी पाण्याचा पेला मीच हातात देते. हे पेला आणि गोळ्या घेऊन पुढे दुकानात जातात, रिकामा पेला परत येतो. मी त्यावर खूश.

मागच्या वर्षीचं मी तुम्हाला अर्धंच कळवलं होतं. एकच बाही अकरा वेळा मोजायचे आणि कात्री खाली ठेवायचे. शिंप्याने कात्री चालवली नाही तर त्याने करायचं काय? एकदा जिन्यात बसले, घामाने निथळत, म्हणाले हृदय बंद पडतंय. डॉक्टरीणबाईंनी तपासलं. हृदय ठीक होतं, रक्तदाब वाढलेला होता, बाकी सगळी भीती होती. गोळ्या सुरू करून आठ महिने झाले. दीड महिन्यात कात्री चालायला लागली. शीळसुद्धा घालायला लागले. बेसूर, पण शीळ.

आता शीळ बंद आहे. चार महिने झाले, दुकानात कापायच्या टेबलावर झोपतात. गादी मऊ आहे, पाठ दुखते म्हणतात. त्याच गादीवर सतरा वर्षं दुखली नव्हती. माझंच काही चुकलं असेल असं मी धरून चालले आहे. ते राहू दे.

आक्का, तुम्ही एकतीस वर्षं इस्पितळाच्या औषधांच्या खिडकीवर बसलात. माणूस गोळ्या साठवतो तो कशासाठी? मला एकच कारण सुचतं आणि ते लिहायला हात धजत नाही. मी सगळ्या गोळ्या होत्या तशा डब्यात भरल्या आणि उरलेले शर्ट पुरे केले. पुरे केले, याची आता लाज वाटते.

मी लिहिलं हे यांना कळू देऊ नका. लोभ आहेच, या खेपेला तो लवकर पाठवा.

तुमची भावजय

*

दि. ६

चि. सौ. वहिनीस अ. उ. आ. वयाने लहान असलीस तरी वहिनीच, पण आशीर्वाद मी देणार.

हे पत्र हातात पडेल त्याच दिवशी त्याला विचार. आडून नको. जीव द्यायचं मनात आहे का, असं सरळ. विचारल्याने तसलं काही डोक्यात शिरत नाही. असलंच तर बाहेर यायला वाट मिळते. तो हो म्हणाला किंवा गप्प बसला, तर त्याला क्षणभर एकटं सोडू नकोस आणि तसाच इस्पितळात घेऊन जा. शर्ट पडू देत. डबा तुझ्या कपाटात ठेव, किल्ली स्वतःजवळ.

साठ-साठ गोळ्या म्हणजे दोन महिने दोन्ही बंद आहेत. घाबरून आपल्या मनाने पुन्हा सुरू करून देऊ नकोस. काय आणि किती घ्यायचं ते डॉक्टरीणबाई ठरवतील. रक्तदाब मात्र लगेच मोजून घे.

तू लिहिलंस हे मी लपवणार नाही. तुमच्या घरात लपवलेलं आधीच डबाभर आहे. रागावायचं तर रागाव.

आणखी एक. गोळ्या आठ महिने, अंथरूण चार महिने, गोळ्या बंद दोन महिने. तिन्ही आकडे तुझ्याच पत्रातले आहेत. त्यात तुझं चुकलेलं मला कुठेच दिसत नाही. याहून जास्त मी बोलणार नाही, ते त्याने बोलायचं.

जेवत जा. माझी आठवण शिव्या देऊन काढलीस तरी चालेल, काढत जा.

आक्का

*

दि. ६

चि. धाकट्यास अ. उ. आ. रडतराऊत लिहिणार होते. लिहीत नाही.

डबा सापडला. तुझ्या बायकोने मला कळवलं. तिच्यावर तोंड टाकलंस तर गाठ माझ्याशी आहे.

पहिला प्रश्न: मरायचं आहे का? उत्तराच्या पत्रात पहिला शब्द हो किंवा नाही एवढाच हवा. प्रकृती, हवापाणी नंतर.

दुसरा प्रश्न विचारण्याआधी मला माझं सांगायचं आहे. चार महिन्यांपूर्वी तू मला विचारलं होतंस, या गोळ्यांनी माणूस बदलतो का. मी लिहिलं, बदलतो, सुधारतो, गिळ आणि गप्प बस. ते पत्र लिहून मी मोठ्या समाधानाने जेवले. तू काय विचारत होतास ते मला तेव्हाच कळायला हवं होतं. किंबहुना कळलं होतं.

खिडकीवर पुरुष यायचे. या गोळ्या सुरू होऊन दोन-तीन महिने झाले की यायचे. रांगेतल्या चार जणांना पुढे जाऊ द्यायचे. मग खिडकीला तोंड लावून हळू आवाजात विचारायचे, या गोळीने अशक्तपणा येतो का. मी म्हणायची, दूध प्या. ते मान हलवून जायचे. पाठ फिरली की मी आणि शेजारची मुलगी तोंडाला पदर लावून हसायचो. एकाचा सदरा मला अजून आठवतो, इस्त्रीचा होता. एवढं विचारायला तो कपडे करून आला होता. पुढच्या महिन्यात तो आला नाही. त्याने गोळ्या सोडल्या की आणखी काही, मी चौकशी केली नाही.

म्हणून दुसरा प्रश्न. तुझं दुखणं तेच असेल तर पत्रात अशक्तपणा एवढा एक शब्द लिही. मी हसणार नाही.

अजून भाऊ म्हणून घेत असशील तर तुझी,

आक्का

*

दि. १०

ती. आक्कास शि. सा. न.

नाही.

मरायचं नाही. ही परवा काजं करता करता हेच विचारून गेली. सुईत दोरा ओवत होती, वर पाहिलं नाही. मी नाही म्हणालो. तिने विचारलं, मग गोळ्या कशाला ठेवल्यात. मी इस्त्री तापली का बघायला उठलो. इस्त्री लावलेलीच नव्हती.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर: अशक्तपणा. हा शब्द लिहून मी पत्र दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं.

आधी वाटलं वय झालं. सेहेचाळीस म्हणजे काही कमी नाही. मग लक्षात आलं की गोळ्यांपासून आहे. पण दोनातली कुठली? शिवणी दोन आणि कापड मध्येच ओढलं जातंय, अशा वेळी आम्ही दोन्ही उसवतो आणि पुन्हा बघतो. मी तेच केलं. एका रविवारी दोन्ही बंद. पंधरा दिवस मान वळवली की डोक्यात विजेचा बारीक झटका बसायचा, यंत्राची सुई पट्टीवर आपटावी तसा. उभ्याने चक्कर यायची. ते थांबलं तर भीती परत आली. आधी सकाळची, मग दिवसभर. तोवर खोलीत परत जायचा धीर उरला नव्हता. ज्याच्यासाठी गोळ्या सोडल्या ते तसंच राहिलं.

गोळ्या टाकल्या नाहीत, कारण उद्या सहन झालं नाही तर हाताशी असाव्यात. मी त्या जगण्यासाठीच साठवल्या होत्या. हे कुणाला पटेल असं वाटत नाही.

मागच्या आठवड्यात एका कोटाचे दोन्ही पुढचे भाग डावे कापले. कापडाला उलट-सुलट होती, फिरवूनही जमेना. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. गिऱ्हाइकाला सांगितलं, कापडच सदोष निघालं. त्याने माझी माफी मागितली. कापड त्याने आणलं होतं ना.

रक्तदाब मोजला. वरचा आकडा एकशे अठ्ठ्याहत्तर.

डॉक्टरीणबाई माझ्या मेहुणीच्या वयाच्या आहेत. दर महिन्याला विचारतात, काही त्रास? मी म्हणतो, काही नाही, उत्तम. त्यांच्यासमोर हे बोलायचं म्हणजे भर दुकानात उघडं उभं राहण्यासारखं आहे. आणि हिला सांगायचं तर त्याहून अवघड. आक्का, हिला तू सांगशील का? तुझी सवय आहे.

लोभ आहे तेवढा राहू दे, वाढवायला मी काही केलेलं नाही.

तुझा धाकटा

*

दि. १३

चि. धाकट्यास अ. उ. आ.

एकशे अठ्ठ्याहत्तर घेऊन तू कोट कापतोयस? डॉक्टरांकडे जायचं ते पत्र मिळाल्याच्या दुसऱ्या दिवशी. गिऱ्हाइकं थांबतील. नागडी तर नाहीत ना.

तिला मी सांगणार नाही. चार महिने ती स्वतःला दोष देत बसली आहे. तो दोष तुलाच काढून घ्यावा लागेल.

आता डॉक्टरीणबाईंचं. मला ठाऊक होतं की या त्रासावर इलाज असतो. मात्रा कमी करून बघतात, गोळी बदलून बघतात, कधी गोळीबरोबर नुसती बोलायची बैठकही देतात. रक्तदाबाच्या गोळ्यांतही बऱ्याच जाती आहेत. आणि कधी दोष गोळीचा नसतो, आजाराचाच असतो. कुठलं कशामुळे, ते त्यांनाच ठरवता येतं, तेही तू सांगितलंस तर. तू बंद केल्यास त्या मात्र एका दमात, आणि अशा गोळ्या पायरी-पायरीने उतरवतात. एवढं मला माहीत होतं आणि एकतीस वर्षं मी म्हणत आले, दूध प्या. वेळ नसायचा, रांग मोठी असायची, असं मी सांगत असते. रांग असायची हे खरं आहे. पण मला लाज वाटायची, आणि हसणं सोपं होतं.

तोंडाने जमत नसेल तर लिहून ने. गोळ्यांनी काय दिलं आणि काय नेलं, दोन्ही एकाच कागदावर. नुसतं नेलेलं लिहिलंस तर तू त्यांना अर्धंच माप दिलंस. अर्ध्या मापावर तूसुद्धा कोट शिवत नाहीस.

डबा सोबत ने. वहिनीलाही ने.

तुझ्यावर हसले नाही. एकदाही नाही. हे लिहून ठेव आणि मला अधूनमधून माफ करत जा.

आक्का

*

दि. १६

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र आज दुपारी आलं.

सांगितलं. ही बटणं लावत होती, मी पाठमोरा उभा राहून कॉलरला इस्त्री करत होतो. तीच कॉलर मी चार वेळा केली. बोलून झालं. वळलो तर हातातलं बटण तसंच. मग म्हणाली, तिला वाटलं होतं तिच्या अंगाला यंत्राच्या तेलाचा वास येतो. म्हणून तीन महिने ती वासाचा साबण वापरत होती. वरच्या फळीवर ठेवायची, मला दिसू नये म्हणून.

गोळ्यांवरून ती रागावली नाही. साबणावरून रागावली. म्हणाली, जीव जाईल या भीतीने ती रात्र रात्र जागली ते एक वेळ ठीक, पण तिला तिच्याच अंगाची किळस यायला लागली होती आणि मी ते बघत बसलो होतो. मी बघत नव्हतो, आक्का. मी तिच्याकडे बघायचंच सोडलं होतं. पण हे काही उत्तर नव्हे, म्हणून दिलं नाही.

शेवटी तिने विचारलं, मला काय हवंय. मी म्हणालो, कापड कापता यावं आणि खोलीत परत यावं. ती म्हणाली, मग बाईंकडे दोन्ही माग. एकच मिळणार असलं तर तेव्हा बसून ठरवू, पण बसायचं दोघांनी. मग म्हणाली, एवढ्या चांगल्या बटणांच्या डब्याचं वाटोळं केलंत. ती हसली असं मला वाटलं, पण नक्की सांगता येत नाही.

अंथरूण अजून टेबलावरच आहे. तिने बोलावलं नाही, मी विचारलं नाही.

ज्याचे दोन डावे कापले त्या गिऱ्हाइकाकडे संध्याकाळी गेलो होतो. कापड चांगलं होतं, हात माझा चुकला, असं सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. ते बरोबरच आहे.

चिठ्ठी लिहिली आहे. कोरा कागद सापडला नाही, मापाच्या चिठ्ठीमागे लिहिली. कात्री चालते, शीळ येते, जिन्यात बसत नाही, हे वर. खाली तो शब्द, आणि तो पुरेसा नाही असं ही म्हणाली म्हणून त्याखाली स्पष्ट एक ओळ. ती ओळ हिनेच लिहून दिली. अक्षर तिचं, सही माझी.

उद्या जातो. सगळ्यांत मोठी तू, तेव्हा आशीर्वाद दे, पण दूध प्या म्हणू नकोस.

तुझा धाकटा

ता. क. दि. १७. सकाळी नऊला आम्ही दोघं गेलो. कागद माझ्या हातून उलटा दिला गेला. डॉक्टरीणबाईंनी कंबर छत्तीस, लांबी चाळीस हे लक्षपूर्वक वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं. हिने हात पुढे करून कागद उलटला. त्या वाचत असताना मी बटणांच्या डब्याकडे पाहत होतो. मग त्यांनी उठून दार लावलं आणि विचारलं, कधीपासून. मी सांगितलं.