सीताबर्डीच्या बोळातील उजेड

वणी, ९ नोव्हेंबर २०२५, रविवार

नागपूरहून भीमराजचा फोन; तिथल्या खोलीतला माझा जुना सोबती, चित्रकार. सीताबर्डीच्या बोळातील आमची जुनी इमारत २४ तारखेला पाडणार. "तेवीसले ये ना बे! एकदा पाहून घे." नकार दिला. आईची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते; ती अंथरुणाला खिळल्यापासून, नऊ वर्षांत, हा क्रम चुकलेला नाही. शेजारच्या विमलताई करतो म्हणतात. पण घड्याळ पाहून? शंका आहे.

शिवाय बोळ माझ्या भिंतीवर आहेच. १९९४ साली, बी.कॉम. होऊन नागपुरात नोकरी लागली असताना, वडील गेले. मी वणीला निघालो. "महिनाभरात येतो," म्हणालो होतो. भीमराजने स्वतः रंगवलेले बोळाचे हे तैलचित्र वर्तमानपत्रात गुंडाळून बसमध्ये दिले. आईने ते वंदनेच्या कोपऱ्यात, बुद्धमूर्तीच्या वर टांगले. कित्येक वर्षे मी मान वर केली नाही. केली तेव्हा दिसली ती संध्याकाळ — तांबूस, विझत चाललेला उजेड, दिव्यांच्या दुकानाचे ओढलेले शटर. मी निघालो तीच वेळ! तिथे परत जाण्याजोगे काय आहे?

११ नोव्हेंबर

आई : "रोज काय पाहून राह्यला रे त्या फोटोत? बोलते का तो?" मी तिची कूस बदलली.

१५ नोव्हेंबर, शनिवार

पुतणी रुपाली आली. यवतमाळला चित्रकला शिकवते. चित्राजवळ जाऊन म्हणाली, "काका, हा तांबूस रंग तर अगरबत्तीचा धूर आहे. तीस वर्षांचा! काढू का?" मी चित्राला कधी ओले फडकेही लावू दिलेले नाही. तिने काडीला कापूस गुंडाळला आणि चक्क थुंकीने भिजवला. थुंकीने! "यानंच निघते, काका. तुम्ही तिकडं पाहा." एका कोपऱ्यापुरतेच, असे बजावले.

१६ नोव्हेंबर

कोपऱ्यावर थांबली नाही. दुपारपर्यंत सारा तांबूस रंग कापसावर उतरला. खाली पांढरा, थंड, कोवळा उजेड. जिन्यापाशी दूधवाल्याची सायकल, दोन कॅन. आमच्याकडे दूध सकाळी सहाला येई. शटर ओढलेले नाही — अजून उघडलेले नाही! आणि वर आमच्या खोलीची खिडकी सताड उघडी.

भीमराजला फोन केला. "सकाळच आहे ना बे. तू परत येशीन म्हणून काढली होती. तुले सांज कुठं दिसली?"

एकतीस वर्षे.

१७ नोव्हेंबर

आईला सांगितले. ती छताकडे पाहून म्हणाली :

"मले माहीत होतं. नवं होतं तवा सकाळच होती. तू सांज म्हणाला, मी म्हटलं, म्हणू दे. नाहीतं गेला असता तू. अगरबत्ती बी तिथंच लावत गेली. मंग पडली, तं तुलेच लावाले सांगत गेली."

नऊ वर्षे. रोज. एकही दिवस चुकवला नाही मी!

"तेवीसले जाय," ती म्हणाली. "विमल पाह्यते घड्याळ."

सहाची बस आहे. सकाळची.