पार्किंग नंबर ४७

१ नोव्हेंबर, शनिवार. सकाळी ६.१०
आजपासून ‘एकवीस दिवसांत निर्भय’ हा ऑनलाइन कोर्स सुरू. २१ तारखेला संपतो. २२ला बाबा जळगावहून येतायत, नवा गुडघा इथल्या डॉक्टरला दाखवायला. त्याआधी आमची पार्किंगची जागा, नंबर ४७, परत मिळवायची. आठ महिने तिथे सहाव्या मजल्यावरच्या कुणा जनार्दनची पांढरी गाडी उभी असते, आणि मी माझी बाहेर मारुंजी रस्त्याला, भाताच्या खाचरापाशी लावतो. तिथून लिफ्टपर्यंत चारशे दहा पावलं. रस्ता खोदलेला. बाबांना जमणार नाही.
रजनी म्हणाली, मी आत्ता वर जाऊन सांगते, दोन मिनिटांचं काम. तिला स्पष्ट बजावलं, हा माझ्या पर्सनल ग्रोथचा प्रश्न आहे, बायकोने मध्ये पडायचं नाही. एवढं स्पष्ट बोलता येतं म्हणजे मुळात पाया पक्का आहे.

२ नोव्हेंबर
आरशात पाच मिनिटं स्वतःच्या नजरेला नजर द्यायची. तिसऱ्या मिनिटाला वळवली. आरसा स्वस्तातला आहे.

४ नोव्हेंबर
जनार्दनच्या गाडीचा अभ्यास केला. मागच्या काचेवर डरकाळी फोडणारा सिंह. मालक कसा असेल ते सांगायला नको. गळ्यात जाड साखळी, दंड माझ्या मांडीएवढे. अशाशी घाईने बोलणं हे धैर्य नव्हे, अविचार. ऑफिसात हा फरक कुणाला कळत नाही. सगळे मॅनेजरपुढे शेपूट घालतात. मी घालत नाही. मी मीटिंगमध्ये कॅमेराच बंद ठेवतो.

७ नोव्हेंबर
होमवर्क: रोज एकाला ‘नाही’ म्हणा. भाजीवाल्याने विचारलं, कोथिंबीर देऊ? म्हणालो, नाही. एकदम ठाम. रजनीने कोथिंबिरीसाठीच परत पाठवलं.

९ नोव्हेंबर, रविवार
खाचरात धनगरांचा मुक्काम पडला. भात निघालं, आता खतासाठी मालक मेंढरं बसवून घेतायत. धुळा आणि त्याची बायको बयाबाई, फलटणकडचे. आसपासची खाचरं संपेपर्यंत राहतील. संध्याकाळी पाहतो तर त्यांची एक शेळी माझ्या बॉनेटवर चढून माझ्याकडे बघतेय. नजर भिडवायचा धडा झालाच होता. भिडवली. तिने पापणी हलवली नाही. तेवढ्यात मला ऑफिसचा फोन येईल असं वाटलं, म्हणून निघालो.

१३ नोव्हेंबर
जनार्दनला सुनवायचं भाषण तयार. तीन मुद्दे आणि शेवटी इशारा. कोचसर म्हणतात, सराव समुदायापुढे करा. मेंढरांपुढे केला. आवाज उत्तम लागला. बयाबाई भाकरी थापत होती. म्हणाली, भाऊ, मेंढरांस्नी कशापायी दम देताय? त्येंची कुटं गाडी हाय?
अडाणी माणसाला मोटिव्हेशन कळत नाही. तरी सगळं समजावून सांगितलं. तर म्हणे, आठ म्हैनं? आन् त्याला एकदाबी इचारलं न्हाई? आमी गावोगाव फिरतुया, परक्या मानसाला इचारतुया, बाबा, हितं बसू का? कुनी व्हय म्हनतं, कुनी न्हाई म्हनतं. खात न्हाई कुनी.
मी म्हणालो, सोसायटीचं वेगळं असतं. ती हसली आणि भाकरी उलटली.

१७ नोव्हेंबर
आज वर गेलो! जिन्याने, कारण त्याने छाती मोकळी होते. सहाव्या मजल्यावर इतका दम लागला की भाषण शक्यच नव्हतं. आतून हार्मोनियम ऐकू येत होता. अशा गुंडाच्या घरातही कुणी बिचारं संगीत शिकतंय. बेल वाजवून त्यात खंड पाडणं माझ्या संस्कारात बसत नाही.

२० नोव्हेंबर
वॉचमन सिद्धनाथकडे चौकशी केली, हा जनार्दन माणूस कसा आहे? तो म्हणाला, साहेब, तुमीच तर मागं म्हनला व्हता... मी तिथेच तोडलं. निगेटिव्ह माणसांचं ऐकायचं नाही, कालचाच धडा.

२१ नोव्हेंबर
सर्टिफिकेट आलं. नावाखाली ठळक अक्षरांत ‘निर्भय’. स्टेटसला ठेवलं. एकशे बारा जणांनी पाहिलं.
४७मध्ये पांढरी गाडी.

२२ नोव्हेंबर
बाबा आले. खाचरापाशी उतरले. काठी टेकली, खोदलेला रस्ता पाहिला, मग मला पाहिलं. अर्ध्या वाटेत गुडघा आखडला. टेकायला कठडाही नाही. मी म्हणालो, खोल श्वास घ्या. धुळा मेंढरं सोडून धावत आला. म्हणाला, आबा, टाका हात खांद्यावर, लंगडं कोकरू मी रोजच न्हेतोय. बाबा त्याच्या खांद्यावरून लिफ्टपर्यंत गेले. मागून मी, बॅगा घेऊन.
गुडघा सुजलाय. रजनी बर्फ लावतेय. स्टेटस काढून टाकलं. (चोवीस तासांत आपोआप जातंच.)

२३ नोव्हेंबर, रविवार
बाबा काठी टेकत एकटेच खाली गेले होते. लिफ्टमध्ये त्यांना एक काडीपैलवान भेटला, चष्मा, हातात कढीपत्ता. बाबांनी विचारलं, ती सिंहवाली गाडी कुणाची हो? तो म्हणाला, माझीच, सेकंडहँड घेतली, सिंह काही केल्या निघत नाही. बाबा म्हणाले, जागा आमची आहे. तो म्हणाला, अरेरे, काका, मी वॉचमनला विचारलं होतं. त्यानेच सांगितलं, मालक म्हणतात, राहू द्या, काही घाई नाही.
पाच मिनिटांत गाडी काढली. संध्याकाळी शिरा घेऊन माफी मागायला आला. हार्मोनियम तोच वाजवतो.
मार्चमध्ये मी सिद्धनाथला तसं म्हणालोही असेन. ते सौजन्य होतं. बाबा जेवताना एवढंच म्हणाले, आणि याचं नाव मी दिग्विजय ठेवलं.
निष्कर्ष: धैर्य रक्तात असतं. बाबांच्या आहे, म्हणजे माझ्या आहेच.

२९ नोव्हेंबर
बाबांना जळगावच्या गाडीत बसवलं. आठवडाभर आमची गाडी ४७मध्ये. मी आता वेगळाच माणूस आहे. सोसायटीत असा कोर्स मीच का घेऊ नये? फी ठरवायची.

१ डिसेंबर, सोमवार. संध्याकाळी ७.४०
४७मध्ये कुणाची तरी बुलेट. मालक तिला टेकून उभा, मोबाइल बघतोय. गाडीत बसूनच बाबांना फोन लावला. सगळं ऐकून बाबा म्हणाले, त्याला फोन दे.
फोन द्यायचा तर आधी त्याच्याशी बोलावं लागणार.
गाडी खाचरापाशी लावली. धनगर नव्हते. पुढच्या गावात कुणाला तरी विचारून बसले असतील.