पाच विद्यार्थ्यांचं मनोबल

३ ऑगस्ट, सोमवार. सकाळी ७.
साथीमुळे शाळा बंद होऊन दीड महिना झाला. काल ऑनलाइन मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी जाहीर केलं: एक सप्टेंबरला आठवीचे वर्ग उघडणार, पण पन्नाशीपुढचे शुगरवाले शिक्षक घरीच थांबणार. बोलताना बाई नेमक्या माझ्याच चौकोनाकडे बघत होत्या. मी छप्पन्न. शुगर आहे, पण किरकोळ. माझ्याशिवाय भूमिती शिकवणार कोण? पीटीचे सर?
तोवर प्रत्येक शिक्षकाने पाच विद्यार्थ्यांना रोज फोन करून धीर द्यायचाय. असा धीर देतो, की बाईंनी गाडी पाठवून मला बोलावून घेतलं पाहिजे!
संकल्प: रोज अकराला पाच फोन. प्रत्येकाचं मन कसं आहे ते दहापैकी मार्कांत नोंदवणे आणि तसा अहवाल बाईंना पाठवणे. गोळी वेळेवर. स्वयंपाक स्वतः. सौ. लेकीच्या बाळंतपणाला गेली ती तिकडेच अडकलीय. माझं काही अडत नाही.

४ ऑगस्ट.
पहिला फोन बडबडीला. वर्गात हिला गप्प करण्यात माझी अर्धी तासिका जायची. मन नऊ, म्हणाली. अर्धा मार्क कापला, कारण दिलं नाही म्हणून. मग तीच विचारते, सर, तुमचं किती? दहा, म्हटलं. शिक्षकाचं दहाच असतं. वर विचारलं, जेवलात का? म्हटलं, बिस्किटं खाल्ली की.
नोंद: मुलीला दुसऱ्यांच्या जेवणाची चिंता. साथीचा परिणाम. लक्ष ठेवणे.
दुपारीही बिस्किटंच.

७ ऑगस्ट.
चिंता पसरतेय. पाचही जण आता जेवणाचं विचारतात. चष्मिसने तर काय खाल्लं तेही विचारलं. बिस्किटं म्हटल्यावर किती ते मोजायला लावलं बिचाऱ्याने. त्याचं मन रमावं म्हणून अंडी कशी उकडायची ते त्याच्याकडून वदवून घेतलं, आणि केवळ त्याच्या समाधानासाठी उकडली. या वेळी पातेलं करपलं नाही. पोराला केवढा आनंद झाला!

१२ ऑगस्ट.
बडबडी विचारते, सर, गोळी घेतली? नव्हती घेतली. तीन दिवस झाले. हिला कसं कळलं कोण जाणे. निरीक्षणशक्ती! शेवटी माझ्याच हाताखालची. घ्यावीच लागली, कारण घोटाचा आवाज ऐकल्याशिवाय बाईसाहेब फोन ठेवेनात.

१७ ऑगस्ट. रात्री ८.
झकास कल्पना सुचली. मुलं नाहीतरी शुगर किती आली ते विचारतातच, मग त्यातूनच सरासरी शिकवायची. रोज मशीनवरचा आकडा मी सांगतो, ती वहीत उतरवतात. आज २१०. चष्मिस म्हणाला, सर, हा फार आहे. म्हटलं, गणितात भावना आणू नकोस.
संध्याकाळी त्यांच्या हट्टापायी गच्चीवर वीस फेऱ्या. वेग, वेळ, अंतर यांचं प्रात्यक्षिक. दम लागला, पण विषयासाठी करावं लागतं.

२१ ऑगस्ट.
हल्ली मी अकराला फोन लावायच्या आत पावणेअकरालाच त्यांचा येतो. किती अवलंबून राहतात माझ्यावर! मी नसतो तर काय झालं असतं या पोरांचं? सौ.ला फोनवर हे सांगितलं तर ती खूप वेळ हसत होती. बाळाजवळ राहून माणूस उगाच हसतो.

२६ ऑगस्ट.
पावणेअकरा. फोन नाही. अकरा. नाही. मीच पाचही नंबर लावले, सगळे एंगेज. करमेना. घर एकदम मोठं वाटायला लागलं. अंडी उकडलीच नाहीत.
साडेबाराला पाचही जण एकदम व्हिडिओवर! मोठ्या बाईंबरोबर मीटिंग होती म्हणे. म्हणजे माझीच चौकशी झाली असणार. आजचा आकडा १२४. मुलांनी टाळ्या वाजवल्या. सरासरीची एवढी गोडी मी आजवर कुठल्याच वर्गात पाहिली नव्हती.

२९ ऑगस्ट.
बाईंचा फोन. एक तारखेपासून या, डॉक्टरांनी फाईल बघून परवानगी दिलीय. कोणती फाईल ते विचारलंही नाही. माझाच मनोबल अहवाल, दुसरं काय! गाडी मात्र पाठवणार नाहीत.

१ सप्टेंबर, मंगळवार. दुपारी ३.
शाळा उघडली. फाटकात शिपाईमामांनी सगळ्यांचा ताप मोजला, हातांवर सॅनिटायझर ओतलं. खिडक्या सताड उघड्या, एका बाकावर एकच मूल. सगळे मास्कमध्ये, पण बडबडी लांबूनच ऐकू आली.
बाईंनी ती फाईल हातात दिली. माझा अहवाल नव्हता. आत पाच हस्ताक्षरं. वर शीर्षक: सरांचं मनोबल. रकाने: जेवण, गोळी, शुगर, फेऱ्या, मन. बाई म्हणाल्या, दोन तारखेच्या शिक्षकांच्या मीटिंगनंतर लगेच तुमच्या सौ.चा फोन आला होता. हे जेवत नाहीत, गोळी विसरतात आणि विचारलं की सगळं उत्तम म्हणून सांगतात. मी ते पोरांच्या कानावर घातलं, तर पाचही जणांनी आपणहून पाळ्या लावून घेतल्या.
पहिलीच नोंद, ४ ऑगस्ट. जेवण: बिस्किटं. मन: सर म्हणाले १०, आवाजावरून ३.
स्टाफरूममध्ये येऊन चष्मा पुसला. पुन्हा पुसला. मग सवयीने शुगरची सरासरी तपासली. बिनचूक.
शेवटची नोंद कालची, आज सकाळीच घातलेली. सर म्हणाले १०, आवाजावरून ९. खाली बडबडीचा शेरा: राहिलेला एक मार्क काकू घरी आल्यावर देऊ.